दमसास आणि नेम

इंदूरकरांना महूची छावणी परकी नाही. लष्कराचे नेमबाजी पथक तेथे १९९३ पासून आहे. गाणे शिकविणाऱ्या आम्ही मात्र लांब पल्ल्याची रायफल चाळिशीनंतर प्रथमच हाती धरली. पालथे पडून पाहावे, तो तीनशे मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे दहा सेंटिमीटरांचे! वारा गोळीला ढकलतो, त्याचाही अंदाज हवा. निम्मा श्वास सोडून क्षणभर थांबायचे, घोडा हलकेच दाबायचा. हिसका बसला की नेम ढळला. अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल ऐकलेल्यांना हे नवे नाही: समेवर झडप घालू नये, ती येऊ द्यावी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटरवर विश्वविजेत्या ठरल्या, त्या याच पालथ्या पवित्र्यात. तरुणांनी रायफल जरूर धरावी. धाकासाठी नव्हे, मन आवरण्यासाठी.