विमान हरवतं, तेव्हा

घरातला मुलगा रात्री साडेदहापर्यंत यायचा असतो. अकरा वाजतात, साडेअकरा होतात. फोन लागत नाही. मग घरात तर्क सुरू होतात. वडील म्हणतात, लोकल बंद पडली असेल. आजी म्हणते, मित्राकडे राहिला असेल. आई काहीच बोलत नाही, कारण तिच्या मनात आलेला तर्क तिला बोलून दाखवायचा नसतो. बाराला मुलगा दारात उभा राहतो. गाडी चुकलेली असते आणि मोबाइलची बॅटरी संपलेली असते. सगळ्यांचे तर्क एका क्षणात संपतात.

पण दारावरची बेल वाजलीच नाही तर? ८ मार्च २०१४ च्या पहाटेपासून २३९ माणसांच्या घरी नेमकं हेच झालं आहे. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे बोइंग ७७७ जातीचं विमान क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं आणि पोचलंच नाही. त्यात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. प्रवाशांत निम्म्याहून अधिक चिनी होते. पाच भारतीय होते आणि त्यांत मराठी घरातली माणसंही होती.

आजच्या काळात, खिशातला फोनसुद्धा आपण कुठे आहोत ते सांगतो, तेव्हा दोनशे टनांहून जड विमान हरवतं कसं? आणि ते का हरवलं असावं, याबद्दल जे तर्क केले जातात, त्यांतला कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा? या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की विमान सतत कुणालातरी दिसत असतं हा आपला समजच चुकीचा आहे. रडार दोन प्रकारचं असतं. डोंगरासमोर उभं राहून आपण हाळी दिली की प्रतिध्वनी येतो, तसं पहिलं रडार रेडिओलहरी सोडतं आणि विमानावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी टिपतं. त्यातून काहीतरी उडतं आहे एवढं कळतं. कुणाचं, कोणतं, ते कळत नाही. दुसरं रडार विमानाला प्रश्न विचारतं आणि विमानातलं ट्रान्सपाँडर नावाचं यंत्र उत्तर देतं : मी अमुक विमान, इतक्या उंचीवर. नागरी वाहतूक नियंत्रण मुख्यतः या दुसऱ्या रडारवर चालतं. यंत्र बंद झालं किंवा बंद केलं, की नियंत्रकाच्या पडद्यावरून त्या विमानाचं नाव पुसलं जातं. शिवाय पृथ्वी गोल असल्यामुळे किनाऱ्यावरच्या रडारची नजर काही शे किलोमीटरपलीकडे जात नाही. भर समुद्रावर विमान स्वतः सांगेल तेवढंच जमिनीला कळतं.

एमएच ३७० रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी उडालं. १ वाजून १९ मिनिटांनी मलेशियाच्या नियंत्रकाला शुभरात्री म्हणून त्यानं निरोप घेतला. आता व्हिएतनामच्या नियंत्रकाला त्यानं हाक द्यायची होती. ती हाक आली नाही. १ वाजून २१ मिनिटांनी विमान नागरी रडारवरून नाहीसं झालं. दोन देशांच्या हद्दींमधली ही जागा. हा म्हणतो तिकडे गेलं असेल, तो म्हणतो अजून आलंच नाही. गावाच्या वेशीवर हरवलेल्या माणसाचं जे होतं तेच इथे झालं आणि पहिले मोलाचे तास गेले.

मग लष्करी रडारच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा कळलं की विमान मागे वळलं होतं. मलेशियाचा भूभाग ओलांडून ते पेनांगजवळून गेलं आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून वायव्येला निघालं. २ वाजून २२ मिनिटांनी तिथेही ते दिसेनासं झालं. म्हणजे शोधनौका पूर्वेला दक्षिण चीन समुद्र धुंडाळत होत्या आणि विमान गेलं होतं पश्चिमेला.

यानंतरची गोष्ट उपग्रहाची आहे. विमानातलं एक यंत्र हिंदी महासागरावरच्या इनमारसॅट उपग्रहामार्फत जमिनीवरच्या केंद्राशी जोडलेलं होतं. बराच वेळ काही देवाणघेवाण झाली नाही, की केंद्र विचारतं, आहेस का? यंत्र उत्तर देतं, आहे. विमान कुठे आहे हे त्या उत्तरात नसतं. पण उत्तर यायला किती वेळ लागला ते नोंदलं जातं. त्यावरून उपग्रहापासून विमानाचं अंतर काढता येतं. खुंट्याला बांधलेल्या गाईच्या दाव्याची लांबी माहीत असेल आणि दावं ताणलेलं असेल, तर गाय त्या वर्तुळावर कुठेतरी आहे एवढं नक्की सांगता येतं. तशी सात वर्तुळं मिळाली. विमानाचा वेग आणि इंधन लक्षात घेता त्यांचे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे कंसच तेवढे उरले. उत्तर की दक्षिण, हे ठरवायला आणखी एक खूण उपयोगी पडली. फलाटावर उभं असताना येणाऱ्या इंजिनाची शिटी चढी वाटते आणि जाणाऱ्याची उतरती. तसाच विमानाच्या संदेशाच्या कंपनसंख्येत पडलेला सूक्ष्म फरक तपासला गेला आणि उत्तर दक्षिणेचं आलं. शेवटचा संदेश सकाळी ८ वाजून १९ मिनिटांचा. तो यंत्राची वीज जाऊन परत आल्यावर होतो तशा प्रकारचा होता. इंधन संपल्याची ती खूण मानली जाते. ज्या विमानाला कुणी शोधतही नव्हतं तिथे ते आणखी सहा तास उडत होतं.

आता दुसरा प्रश्न. हे झालं कशामुळे?

पहिला तर्क आगीचा. मालाच्या कप्प्यात २२१ किलो लिथियम-आयन बॅटऱ्या होत्या आणि अशा बॅटऱ्या पेटू शकतात. आगीनं यंत्रणा बंद पडल्या, वैमानिकांनी परत फिरायचा प्रयत्न केला, ही कथा पटण्यासारखी आहे. पण जी आग संपर्काची साधनं खाऊन टाकते, ती विमानाला पुढे सात तास उडू देते, हे पटायला अवघड जातं.

दुसरा तर्क प्राणवायूचा. विमानातल्या हवेचा दाब गेला, तर उंचीवर माणसं काही मिनिटांत बेशुद्ध होतात आणि स्वयंचलित यंत्रणा विमान नेत राहते. ही कल्पना नव्हे. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात असंच घडलं. दाबाचा खटका चुकीच्या जागी राहिला होता. ग्रीक लढाऊ विमानांच्या वैमानिकांना सहवैमानिक निपचित पडलेला दिसला. इंधन संपल्यावर ते विमान कोसळलं आणि १२१ जण गेले. एमएच ३७० चा दक्षिणेकडचा लांबचा, मुका प्रवास या तर्कानं समजतो. पण आधीची वळणं समजत नाहीत. बेशुद्ध माणसं वळणं घेत नाहीत.

तिसरा तर्क अपहरणाचा. दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर चढले होते, म्हणून सुरुवातीला मोठा गदारोळ झाला. तपासात ते आश्रयाच्या शोधात युरोपला निघालेले इराणी तरुण निघाले. कुणीही जबाबदारी घेतली नाही, कुणी काही मागितलं नाही.

चौथा तर्क वैमानिकावर बोट ठेवणारा. मार्गातली वळणं हातानं घेतलेली वाटतात. मुख्य वैमानिकाच्या घरच्या सराव-यंत्रावर दक्षिण हिंदी महासागराकडे जाणाऱ्या मार्गाचे बिंदूही सापडले. दुसऱ्या बाजूला, त्यांच्या वागण्यात, प्रकृतीत वा पैशांच्या व्यवहारात संशय घ्यावा असं काही तपासाला आढळलं नाही. जुलै २०१८ मध्ये मलेशियाचा अंतिम अहवाल आला. त्यानं सांगितलं, की विमान वळवलं गेलं ते बहुधा हातानं. तिसऱ्या कुणाचा हस्तक्षेप नाकारता येत नाही. आणि नेमकं कारण ठरवता येत नाही. पाचशे पानांच्या आसपासच्या अहवालाचं शेवटचं वाक्य 'ठाऊक नाही' असं असावं, याचा अनेकांना राग आला. पण प्रामाणिक तपासाला असं म्हणावं लागतं.

याची किंमत समजण्यासाठी आपल्याच किनाऱ्यावरची एक घटना आठवू. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. पहिला संशय घातपाताचा होता. पण तिथे समुद्र उथळ होता, अवशेष मिळाले, नोंदी मिळाल्या. स्फोटाची खूण नव्हती. भारतातल्या चौकशीचा निष्कर्ष असा, की विमान कोणत्या बाजूला कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज दिसत नाही. उपकरणावर विसंबून ते विमान डावीकडे वळवत राहिले. अवशेष मिळाले नसते, तर आजही आपण घातपातच म्हणत राहिलो असतो.

तेव्हा तर्क करूच नयेत का? तसंही नाही. तर्क केल्याशिवाय शोध घेताच येत नाही. समुद्र काही सगळा चाळता येत नाही. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये पडलं. २२८ जण गेले. वीज पडली, बॉम्ब फुटला, असं लोक बोलत होते. तरंगते तुकडे काही दिवसांत मिळाले, पण ब्लॅक बॉक्स मिळेना. ध्वनिसंकेत ऐकणाऱ्या जहाजांनी जवळचा भाग तपासला होता. काही ऐकू आलं नाही म्हणून तो भाग वगळला गेला. पुढे गणितज्ञांनी एक साधी शंका काढली : संकेत देणारी यंत्रंच बंद पडली असतील तर? हिशेब पुन्हा मांडला आणि वगळलेल्या भागाचं वजन वाढलं. एप्रिल २०११ मध्ये शोध सुरू झाल्यावर आठवडाभरात, सुमारे ३९०० मीटर खोलीवर, अवशेष सापडले. ब्लॅक बॉक्स बोलला तेव्हा कारण कळलं. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं काही काळ तुंबल्या, स्वयंचलित यंत्रणा सुटली आणि गोंधळलेल्या वैमानिकांनी विमानाचं नाक वर ओढत ठेवलं. वीज नव्हती, बॉम्बही नव्हता.

चांगल्या तर्काची खूण यात दिसते. कुठे शोधायचं ते तो सांगतो आणि पुरावा उलटा निघाला तर मागे हटायची त्याची तयारी असते. वाईट तर्क कुठेच शोधायला लावत नाही. पुरावा मिळाला नाही, तर तो दडवला गेला असं म्हणतो. आणि बहुतेक वेळा तो कुणातरी माणसाला आरोपी करून मोकळा होतो. ते माणूस उत्तर द्यायला नसतं; त्याची बायकामुलं असतात.

एमएच ३७० चा शोध या कसोटीवर उतरला. सातव्या कंसालगतचा १ लाख २० हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठा प्रदेश, जानेवारी २०१७ पर्यंत तपासला गेला. तिथल्या तळाचा नीट नकाशासुद्धा नव्हता. तो आधी काढावा लागला. एकोणिसाव्या शतकातली दोन बुडालेली जहाजं सापडली, विमान नाही. ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीनं २०१८ मध्ये जवळपास तेवढाच भाग पुन्हा पाहिला. २०२५ मध्ये मलेशियानं तिच्याशी 'सापडलं तरच पैसे' या बोलीवर नवा करार केला. आणि समुद्रानं स्वतःहून थोडं परत दिलं. २९ जुलै २०१५ रोजी रीयुनियन बेटाच्या किनाऱ्यावर त्याच्या पंखाचा एक भाग लागला. मग टांझानिया आणि मॉरिशसला मिळालेले तुकडेही त्याचेच ठरले. विमान दक्षिणेला गेलं, हा गणिताचा निष्कर्ष लाटांनी खरा केला.

काही बदलही झाले. समुद्रावरच्या मोठ्या विमानांनी निदान दर पंधरा मिनिटांनी आपला ठावठिकाणा कळवावा, हा आंतरराष्ट्रीय नियम नोव्हेंबर २०१८ पासून आला. पाण्याखालचे संकेत तीस दिवसांऐवजी नव्वद दिवस चालावेत, असं ठरलं.

पण घरी वाट पाहणाऱ्यांना नियमांनी काय मिळणार? जानेवारी २०१५ मध्ये मलेशियानं हा अपघात असल्याचं आणि सगळे मृत धरल्याचं जाहीर केलं. आपल्याकडेही सात वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस कायद्यानं मृत धरता येतो. कायद्याला तारीख लागते, वारसाला कागद लागतो. मनाला मात्र जागा लागते. अस्थी नाहीत, घाट नाही, दहावा कधी करायचा ते ठाऊक नाही. अशा घरात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवी कथा नेऊन सोडतो आणि आईचं मन पुन्हा दाराकडे जातं.

म्हणून पुढच्या वेळी एखादं विमान दिसेनासं झाल्याची बातमी येईल आणि 'मला माहीत आहे काय झालं असेल' असं कुणी छातीठोकपणे सांगू लागेल, तेव्हा त्याला एवढंच विचारावं : हे खोटं ठरायचं असेल, तर काय सापडावं लागेल? याचं उत्तर त्याच्यापाशी असेल, तर ऐकून घ्यावं. नसेल, तर आपण ती गोष्ट पुढे सांगू नये. हरवलेल्यांच्या घरच्यांसाठी इथे बसून आपण करू शकतो, ते एवढंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)