दिसत नसतानाही बुद्धिबळ कसे खेळतात?

मानोरा : शालेय बुद्धिबळ स्पर्धेसाठी नावे घेताना दृष्टिहीन विद्यार्थ्याचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो, ‘तो खेळणार कसा?’ याचे उत्तर जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या (फिडे) नियमांतच दिलेले आहे.

पट कसा असतो?
काळी घरे किंचित उंच असतात. प्रत्येक घरात छिद्र आणि मोहऱ्याच्या तळाला खुंटी असते. त्यामुळे चाचपताना डाव विस्कटत नाही. काळे मोहरे ओळखण्यासाठी त्यांवर खूण असते.

डोळस खेळाडूशी खेळता येते?
हो. दोघांसमोर वेगवेगळे पट असतात. चाल मोठ्याने सांगायची. प्रतिस्पर्ध्याने ती पुन्हा उच्चारून आपल्या पटावर करायची. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून ‘ए’ला ॲना, ‘बी’ला बेला म्हणतात. दृष्टिहीन खेळाडूने मोहरा छिद्रातून उचलला, तरच त्याला ‘स्पर्श’ झाला असे धरतात.

कुठवर मजल जाते?
मुंबईचे चारुदत्त जाधव यांच्या पुढाकाराने दृष्टिहीनांचा अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ उभा राहिला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत वडोदऱ्याच्या दर्पण इनानीने सुवर्णपदक जिंकले.

शाळा काय करू शकते?
खास पट मिळेपर्यंत लहान चुंबकी पट घ्या. काळ्या घरांवर पुठ्ठ्याचे पातळ तुकडे चिकटवा, काळ्या मोहऱ्यांना दोरा बांधा आणि सराव सुरू करा. स्पर्धेच्या अर्जात ‘विशेष पट हवा का?’ असा रकाना ठेवला, तर आयोजकांना आधीच तयारी करता येईल आणि त्या मुलाला नुसते प्रेक्षक म्हणून बसावे लागणार नाही.