दोघांची मुंबईतील एक सायंकाळ : बोईसर-पालघरकरांसाठी

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांच्या चक्रात ज्या दांपत्यांना एकमेकांसाठी निवांत सायंकाळ क्वचितच लाभते, त्यांनी ती मुंबईत घालविण्याचे योजिले, तर बेताचा आरंभ परतीच्या गाडीपासून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण चर्चगेटहून विरारकडे मध्यरात्रीपर्यंत लोकल सुटत असल्या, तरी २०१३ साली डहाणू रोडपर्यंत विस्तारलेली उपनगरी सेवा विरारपलीकडे फारच विरळ आहे, आणि शेवटची गाडी हुकली म्हणजे मुक्कामाची तजवीज ऐनवेळी करावी लागते.

म्हणूनच रात्रीपेक्षा दुपारचा नाट्यप्रयोग मला अधिक पसंत आहे. दादरला उतरावे, श्री शिवाजी मंदिरात नाटक पाहावे, आणि बाहेर आल्यावर साबुदाणा वडा व पियूष घेता घेता त्यातील पात्रांविषयी मनसोक्त बोलावे. एकत्र पाहिलेल्या नाटकाइतका संभाषणास समृद्ध विषय दुसरा नाही.

नंतर चर्चगेटला जाऊन मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसावे. समोर समुद्र, पाठीशी आर्ट डेको शैलीच्या त्या डौलदार इमारती, ज्यांचा समावेश २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. संगीताची आवड असेल, तर चर्नी रोडजवळील, १९११ मध्ये उद्घाटन झालेल्या व २०१६ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुल्या झालेल्या रॉयल ऑपेरा हाउसचा कार्यक्रम आधी पाहून ठेवावा.

भोजन मात्र लवकर उरकावे, आणि विरारच्या गाडीत चर्चगेटलाच बसावे; तेथे शेजारशेजारची जागा मिळण्याचा संभव अधिक.