अस्सल जर्सी : किंमत वाढली, कापड विरलं

ईद झाली की आठवडाभरात मुलांच्या खिशातली ईदी बाहेर येते आणि हल्ली ती बरेचदा फुटबॉलच्या जर्सीवर खर्च होते. दुकानदार विचारतो, ‘फॅन व्हर्जन देऊ की प्लेअर व्हर्जन?’ अब्बांना दोन्ही सारख्याच दिसतात. रंग तोच, बिल्ला तोच, पाठीवर सालाहचं नावही तेच. भाव तेवढा वेगळा. ‘महाग आहे म्हणजे टिकाऊ असणार’ असा हिशेब करून जास्तीचे पैसे मोजले जातात. वर्षानुवर्षं जर्सी जमवणाऱ्या शौकिनांना विचारा, ते सांगतील की इथे हिशेब बरोबर उलटा आहे.

प्लेअर व्हर्जन म्हणजे खेळाडू मैदानात घालतो तशीच जर्सी. कंपन्या तिला ‘ऑथेंटिक’ म्हणतात आणि फॅन व्हर्जनला ‘रेप्लिका’. ऑथेंटिकचं कापड पातळ असतं, हवा खेळावी म्हणून त्यात बारीक छिद्रं असतात आणि ती अंगाला घट्ट बसते. क्लबचा बिल्ला भरतकामाचा नसतो, उष्णतेने चिकटवलेला असतो. भरलेला बिल्ला जड होतो आणि धावताना छातीला घासतो, म्हणून ही सोय. हा कपडा नव्वद मिनिटांसाठी बेतलेला आहे. पुढच्या सामन्याला खेळाडूच्या हाती नवी जर्सी येते, काही जण तर मध्यंतरातच बदलतात. आपल्या घरी मात्र तीच जर्सी मैदानावर, ट्यूशनला, मामाच्या गावाला आणि दर दोन दिवसांनी वॉशिंग मशीनमध्ये जाते. रेप्लिकाचं कापड जरा जाड असतं, बेत सैल असतो, बिल्ला बहुतेक वेळा शिवलेला असतो. स्वस्तातली जर्सी जास्त दिवस टिकते ती त्यामुळे.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. १९६६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे खेळाडू लांब बाह्यांच्या लाल सुती शर्टात खेळले. छातीवर तीन सिंहांचा बिल्ला आणि पाठीवर आकडा, एवढंच. बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह नाही, जाहिरात नाही. पाऊस आला की असे शर्ट पाणी पिऊन जड व्हायचे, तो त्यांचा दोष. १९७४मध्ये अॅडमिरल या कंपनीने इंग्लंडच्या संघाचं काम घेतलं. स्वतःचं चिन्ह छातीवर आणलं आणि तसेच शर्ट मुलांसाठी दुकानांत मांडले. जर्सी हा धंदा झाला तो असा. पुढे सुती कापड गेलं, पॉलिएस्टर आलं. नव्वदच्या दशकातल्या ढगळ, जाड, चकचकीत जर्सी पाहिल्या की आज हसू येतं, पण तीस वर्षांनंतरही त्यांतल्या कित्येक धडधाकट आहेत. २०१०च्या विश्वचषकात नायकेने प्लास्टिकच्या वापरलेल्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याच्या जर्सी दिल्या. एका जर्सीला आठपर्यंत बाटल्या लागत.

हलकेपणाच्या या शर्यतीत कापडावर किती ताण पडतो, ते २०१६च्या युरो स्पर्धेत जगाने पाहिलं. फ्रान्सविरुद्ध खेळताना स्वित्झर्लंडच्या खेळाडूंच्या जर्सी एकामागून एक टराटरा फाटल्या. झाकाची जर्सी तर दोनदा फाटली. उत्पादनात धागा खराब झालेल्या कापडाचा एक गठ्ठा वापरला गेला, असा खुलासा प्यूमा कंपनीला करावा लागला.

पण जमवणारे लोक निव्वळ कापडासाठी जमवत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ‘अस्सल’ म्हणजे कोणी, कधी, कुठे घातली होती. याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे मॅराडोनाची निळी जर्सी. १९८६, मेक्सिको, इंग्लंडविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना. दुपारच्या उन्हात सुती निळे शर्ट जड पडतील, म्हणून अर्जेंटिनाच्या प्रशिक्षकांना हलके शर्ट हवे होते. ते वेळेत मिळेनात, तेव्हा संघाचा एक माणूस मेक्सिको सिटीतल्या दुकानांत हिंडला आणि निळे शर्ट विकत घेऊन आला. बिल्ले घाईघाईने शिवले गेले आणि पाठीवर चंदेरी आकडे लागले, तेही अमेरिकन फुटबॉलचे. सामन्यानंतर मॅराडोनाने हा शर्ट इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजशी बदलला. पुढे तो अनेक वर्षं मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात होता. २०२२मध्ये सदबीजच्या लिलावात तो ७१ लाख पौंडांना गेला. मॅराडोनाच्या मुलीने वाद घातला की हा पहिल्या हाफचा शर्ट आहे, ते दोन गोल झाले तो नव्हे. लिलाववाल्यांनी जुन्या छायाचित्रांशी बिल्ला, पट्टे आणि आकड्यांचे बारकावे ताडून आपला दावा मांडला. घाईत, हाताने शिवल्यामुळे प्रत्येक शर्ट थोडा वेगळा झाला होता. आजच्या यंत्राने एकसारख्या छापलेल्या जर्सींत अशी ओळख पटवणं कठीणच.

भाव चढले तशी नक्कलही वाढली. आपल्या बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून उघडपणे माल मिळतो. गिऱ्हाइकाला माहीत असतं आणि दुकानदारही लपवत नाही. खरा त्रास होतो तो हीच कॉपी जुनी अस्सल म्हणून खपवणाऱ्यांचा. अलीकडच्या पंचवीसेक वर्षांतल्या अदिदास, नायकेच्या जर्सीला आतल्या छोट्या पट्टीवर मालाचा क्रमांक असतो. तो इंटरनेटवर शोधावा, तीच जर्सी दिसली पाहिजे. नकली मालावरही क्रमांक असतो, पण कित्येकदा तो दुसऱ्याच कुठल्या कपड्याचा निघतो. क्रमांक जुळला म्हणून निश्चिंत होऊ नये, शिवणही उलटून पाहावी.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे छातीवर नाव कुणाचं आहे. १९९२ ते २०१० लिव्हरपूलच्या जर्सीवर बिअरच्या कंपनीचं नाव होतं. त्या काळातली जर्सी कितीही सुंदर असली तरी अनेक जण ती घेत नाहीत आणि मला ते पटतं. सट्टेबाजीच्या कंपन्यांची नावं जर्सीच्या पुढच्या भागावरून २०२५-२६च्या हंगामानंतर हटवायचं प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवलं आहे. बाहीवर मात्र ती राहू शकतात. क्रिकेटमध्ये हाशिम आमलाच्या कपड्यांवर दक्षिण आफ्रिकेच्या बिअर प्रायोजकाचं चिन्ह नसे. त्यामुळे ‘आमलाने सामन्यात घातलेली’ म्हणून कुणी त्या चिन्हासकट जर्सी विकायला आणली, तर तिथेच शंका घ्यावी.

विकत घेतलेली जर्सी जपायची असेल तर उलटी करून थंड पाण्यात, शक्यतो हाताने धुवावी. ड्रायर नको आणि कडक उन्हात वाळत घालणंही नको. छापलेल्या नावावर थेट इस्त्री फिरली की अक्षरं सुटलीच. घडी घालताना नाव दुमडलं जाऊ देऊ नये, नाहीतर काही वर्षांत नेमकी त्याच रेषेवर ती तडकतात.