नव्या शाळेची पहिली घंटा: हायस्कूलची ओळख जूनच्या आधी का हवी?

गावातील प्राथमिक शाळा सोडून मोठ्या शाळेत जाणारे मूल एकाच दिवशी बरेच काही मागे ठेवते. तुडीलसारख्या गावांतील पालक आणि शिक्षकांनी त्याची तयारी कशी करावी? आणि नवी शाळा कॅथलिक संस्थेची असेल तर काय माहीत असावे?

महाड तालुक्यातील तुडील हे खाडीपट्ट्यातील गाव. अशा गावांत प्राथमिक शाळा हाकेच्या अंतरावर असते. एकच बाई किंवा गुरुजी दोन-दोन वर्ग सांभाळतात. त्यांना प्रत्येक मुलाचे घर आणि घरची अडचण ठाऊक असते. जूनमध्ये तेच मूल हायस्कूलच्या फाटकातून आत शिरते, तेव्हा प्रत्येक तासाला वेगळे शिक्षक येतात. वर्गात चार-पाच गावांची मुले असतात आणि आपले नाव कोणालाच माहीत नसते.

हा बदल मोठ्यांना किरकोळ वाटतो. मुलाच्या शिक्षणाची गाडी मात्र नेमकी इथेच अडखळू शकते.

शाळा नेमकी कधी बदलते?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते आठवी हे प्राथमिक शिक्षण आहे. त्यात पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन टप्पे येतात. महाराष्ट्रात मात्र पूर्वापार चौथी आणि सातवीनंतर शाळा बदलण्याची पद्धत होती. त्यामुळे आजही कुठे चौथीनंतर, कुठे पाचवीनंतर, तर कुठे सातवीनंतर मुलाला दुसरी शाळा गाठावी लागते.

राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची सोय तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. नववीपासून हा हिशेब संपतो. मग हायस्कूल जिथे असेल तिथे जावे लागते. काही मुले महाडला जातात, तर काहींची रवानगी मुंबईत चाकरमानी काका-मामांकडे होते.

शाळा बदलल्यावर काय बिघडते?

ब्रिटनमध्ये मॉरिस गॅल्टन, जॉन ग्रे आणि जीन रडक यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. शाळा बदलल्यानंतरच्या वर्षात पाचपैकी सुमारे दोन मुलांची अपेक्षित प्रगती थबकते, असे त्यात दिसले. मुलांची बुद्धी काही कमी झालेली नसते. नव्या शाळेला त्यांना आधी काय येते हे माहीत नसते, आणि नव्या शाळेत मदत कोणाकडे मागायची हे मुलांना माहीत नसते.

खेड्यातल्या मुलांच्या बाबतीत त्यात प्रवासाची भर पडते. कोकणात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे नव्या शाळेचे पहिले तीन महिने भर पावसाचे. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड पुराखाली गेले आणि तळियेवर दरड कोसळली. त्यामुळे 'पोर घरी कसे येईल' ही इथल्या पालकांची काळजी अनाठायी नाही. ती दूर झाली नाही, तर पहिल्यांदा मुलींची शाळा सुटते.

ओळख करून द्यायची म्हणजे काय?

पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारी मेळावा घेतला जातो. मूल आईचे बोट धरून येते, खेळते आणि शाळा ओळखीची होते. हायस्कूलला जाणाऱ्या मुलांसाठीही असाच एक दिवस ठेवता येतो. त्याला वेगळ्या निधीची गरज नसते. दोन मुख्याध्यापकांचे बोलणे झाले आणि मुलांना नेण्या-आणण्याची सोय लागली, की पुरे.

हा दिवस वार्षिक परीक्षेनंतर, पण सुट्टी लागण्याआधी ठेवावा. त्या वेळी हायस्कूलही सुरू असते. त्या भेटीत या गोष्टी व्हाव्यात:

• मुलांनी स्वतःचा भावी वर्ग, पाण्याची जागा, स्वच्छतागृह, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा पाहावी. मुलींना स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्याला कडी आहे का, हे विचारायला लाजावे लागू नये.

• एक-दोन तास खऱ्या वर्गात बसावे. घंटा झाली की शिक्षक कसे बदलतात आणि वेळापत्रक कसे वाचायचे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

• आपल्याच गावातून तिथे जाणाऱ्या ताई-दादांशी जोडी लावून द्यावी. पहिल्या महिन्यात एसटीत आणि मधल्या सुट्टीत त्यांचाच आधार असतो.

• पालकांना वर्गशिक्षकांचा चेहरा आणि शाळेचा फोन नंबर माहीत व्हावा. अतिवृष्टीत शाळा लवकर सुटली तर निरोप कसा येईल, हेही त्याच दिवशी ठरवावे.

प्राथमिक शिक्षकांचे काम दाखल्यावर संपते का?

संपू नये. आयर्लंडमध्ये बहुसंख्य प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. तिथे सहावी संपवून माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलासोबत 'एज्युकेशन पासपोर्ट' जातो. त्यात प्रगतिपत्रक असते आणि 'मला काय आवडते, काय अवघड जाते' हे मुलाने स्वतः लिहिलेले एक पानही असते.

आपल्याकडे असे एक पान कोणीही तयार करू शकतो. मुलाचे वाचन, गणितातील अडचण, चष्मा, आजार, घरी बोलली जाणारी भाषा आणि आवडीचा खेळ एवढे लिहिले तरी नव्या वर्गशिक्षकांचे दोन महिने वाचतात.

यू-डायसवरील नोंदही याच वेळी तपासावी. शाळा सोडलेल्या मुलाला नव्या शाळेने ऑनलाइन दाखल करून घेतले नाही, तर त्याचे नाव 'ड्रॉपबॉक्स'मध्ये पडून राहते. ऑगस्टमध्ये प्राथमिक शिक्षकांनी ती यादी पाहिली, तर कोणते मूल कुठेच पोहोचले नाही हे कळते. ते मूल शोधायला तेव्हा उशीर झालेला नसतो.

नवी शाळा कॅथलिक संस्थेची असेल तर?

गावात अशा शाळेला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात. देशात कॅथलिक संस्थांच्या सुमारे १४ हजार शाळा आहेत. पुण्यातील सेंट व्हिन्सेंट (१८६७) आणि मुंबईतील सेंट झेवियर्स (१८६९) ही त्यांपैकी जुनी हायस्कुले. रायगड जिल्हा कॅथलिक चर्चच्या रचनेत मुंबई आर्चडायोसिसमध्ये येतो. इतर धर्मांची मुलेही या शाळांत शिकतात.

मुलाला आधी साध्या गोष्टी सांगाव्यात. तिथे धर्मगुरूंना 'फादर' आणि संन्यस्त स्त्रियांना 'सिस्टर' म्हणतात. आवारात चर्च, क्रॉस किंवा मदर मेरीची मूर्ती असू शकते. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते.

धर्माचे शिक्षण घ्यावे लागते का? राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणालाही, अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सर्व धर्मांचा आदर राखण्याची, इतरधर्मीय मुलांवर ख्रिस्ती प्रथा न लादण्याची आणि परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका म्हणण्याची सूचना केली. हिंदू असो वा मुस्लिम, खाडीपट्ट्यातील पालकांनी ही शंका प्रवेशाच्या वेळीच मोकळेपणाने विचारावी.

२५ टक्के मोफत जागा मिळतात का? नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची भूमिका न्यायालयाने घेतली आहे. तोवर या जागांच्या भरवशावर बेत आखू नये.

अनुदानित की विनाअनुदानित? हा प्रश्न विचारायलाच हवा. आठवीत होणाऱ्या एनएमएमएस परीक्षेतून नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते, पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांनाच. शाळेतील पोषण आहाराचेही तसेच आहे.

माध्यम कोणते? मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेले मूल थेट इंग्रजी माध्यमात गेले, तर पहिले वर्ष त्याला विषय नव्हे, भाषाच जड जाते. सुट्टीत विज्ञान-गणितातील नेहमीच्या शब्दांची इंग्रजी-मराठी वही करून घ्यावी. 'मला समजले नाही' हे वाक्य इंग्रजीत सांगता आले, तर ते सर्वांत जास्त उपयोगी पडते.

जूनपूर्वी पालकांनी काय करावे?

• शाळा सोडल्याचा दाखला वेळेत घ्यावा. शिक्षण हक्क कायदा लागू असलेल्या शाळेत आठवीपर्यंत केवळ दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

• एसटी पासची चौकशी करावी. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. मुलांना भाड्यात सुमारे दोन तृतीयांश सवलत असते. आता शाळेतच पास देण्याची मोहीमही एसटी राबवते.

• मुलासोबत एकदा त्याच गाडीने, त्याच वेळेला प्रवास करावा. थांब्यापासून फाटकापर्यंत चालून पाहावे आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावे.

• पहिला पंधरवडा 'आज काय शिकवले?' याआधी 'आज कोणाशेजारी बसलास?' हे विचारावे. उत्तरात एखादे नाव आले, की मूल रुळू लागले असे समजावे. तीन आठवड्यांनंतरही नाव आले नाही, तर वर्गशिक्षकांना भेटायची वेळ झाली आहे.