क्षेत्र, आकारणी आणि हरकत

कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर तालुक्यातील एखाद्या वरकस जमिनीचा सातबारा पाहिला, तर गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, आकारणी हे सारे अंकांतच लिहिलेले आढळते; तथापि गट क्रमांकात आकारणी मिळविण्याचा विचार कोणत्याही तलाठ्याच्या मनास शिवत नाही, कारण त्या अंकांची जात भिन्न आहे हे तो जाणतो. संगणकास हे ज्ञान उपजत नसते. ते त्यास देणारी जी नियमावली संगणकभाषेत असते, तिला 'टाइप सिस्टिम' म्हणतात.

गुंठा म्हणजे सुमारे 101.17 चौरस मीटर आणि आर म्हणजे 100. हे अंतर इतके अल्प आहे की एकाच्या जागी दुसरा पडला तरी उत्तर संशयास्पद भासत नाही. मात्र चाळीस गुंठ्यांचे चाळीस आर झाले, की एकरामागे सुमारे 47 चौरस मीटर, म्हणजे डोंगरउतारावरील एखादे लहानसे खाचरच, दप्तरातून नाहीसे होते. ज्या भाषेत गुंठा आणि आर हे स्वतंत्र प्रकार म्हणून जाहीर करता येतात, ती अशी सरमिसळ आज्ञावली चालण्यापूर्वीच अडविते. पोटखराब्याचा रकाना रिकामा असेल, तर तेथे शून्य समजावे की नोंदच झालेली नाही, हाही भेद भाषेने पाळावा. 'काहीच नाही' दर्शविणारा 'नल' हा संकेत टोनी होअर यांनी 1965 साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणला आणि पुढे त्यांनीच त्यास आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

परंतु प्रकारांची शिस्त एकटी पुरेशी नाही. 4 जून 1996 रोजी एरियन 5 हा अग्निबाण उड्डाणानंतर अवघ्या चाळीसेक सेकंदांत नष्ट झाला. त्याची आज्ञावली एडा या प्रकारांबाबत अत्यंत कडक भाषेत होती, पण 64 बिटांची एक संख्या 16 बिटांत न मावल्यास पुढे काय करावे, याची तजवीज त्या ठिकाणी केलेली नव्हती.

आपल्या महसुली पद्धतीत ही तजवीज जुनी आहे. फेरफाराची नोंद गाव नमुना 6 मध्ये होते, हितसंबंधितांस नोटीस जाते, आणि कोणी हरकत घेतली तर ते प्रकरण 6अ या विवादग्रस्त नोंदवहीत चढते. हरकतीस स्वतःचे स्थान असल्यामुळे ती निकालात काढल्यावाचून नोंद प्रमाणित होत नाही. 2015 साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट या भाषेत नेमके हेच घडते: जे कार्य फसू शकते, त्याचे फलित 'यश अथवा दोष' अशा जोडप्रकाराचे असते, आणि दोषाचा विचार केल्याखेरीज आतील मूल्य सहजी हाती येत नाही. यामुळे लेखनाचे श्रम वाढतात, हे खरे. तरी मला ते मान्य आहेत, कारण दोष आधी न अडल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली लेखनदोषाच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन तहसील कचेरीचा जिना चढावा लागतो तो आज्ञावली लिहिणाऱ्यास नव्हे, खातेदारास.