विश्लेषण : दहा वर्षांच्या मुलाला इंग्लंडचा राजा का घाबरला?

राजघराण्यात जन्मणे हाच गुन्हा ठरावा, अशी कहाणी आहे अर्ल ऑफ वॉरिक एडवर्ड याची. २४ वर्षांच्या आयुष्यातील १४ वर्षे त्याने कैदेत काढली.

एडवर्ड कोण होता?
जन्म १४७५चा. इंग्लंडचे राजे चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड हे त्याचे सख्खे काका. त्याचे वडील जॉर्ज यांना १४७८ मध्ये चौथ्या एडवर्डनेच राजद्रोहाच्या आरोपावरून देहदंड दिला होता.

कैद कशासाठी?
१४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड मारला गेला आणि सातवा हेन्री गादीवर आला. वडिलांवरील ठपक्यामुळे एडवर्डचा गादीवरचा हक्क कायद्याने गेला होता. तरीही यॉर्क घराण्याचा उरलेला पुरुष वारस तोच. त्यामुळे त्याची रवानगी टॉवर ऑफ लंडनमध्ये झाली.

तोतयाचे प्रकरण काय?
१४८७ मध्ये लॅम्बर्ट सिमनेल या मुलाला ‘हाच एडवर्ड’ म्हणत डब्लिनमध्ये राज्याभिषेक झाला. हेन्रीने खऱ्या एडवर्डला लंडनमध्ये लोकांसमोर आणले आणि पुन्हा कैदेत टाकले. बंड मोडल्यावर तोतयाला राजाच्या मुदपाकखान्यात काम मिळाले.

शेवट कसा झाला?
१४९९ मध्ये पर्किन वॉरबेक या दुसऱ्या तोतयासोबत कट केल्याचा ठपका ठेवून एडवर्डचा शिरच्छेद झाला. तेव्हा हेन्रीचा मुलगा आर्थर आणि स्पेनची राजकन्या कॅथरीन यांचा विवाह ठरत होता. स्पेनला गादीचा दुसरा दावेदार नको होता, असे अनेक इतिहासकार मानतात. खोट्या एडवर्डला जीवदान मिळाले. खऱ्याला मिळाले नाही.